‘गाइडने दीड तास ताटकळत ठेवलं’ या १ स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

दुबई मॉलमधल्या मत्स्यालयासमोर (दुबई अ‍ॅक्वेरियम) तुमच्या सासूबाईंना इतका वेळ उभं राहावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. वयस्कर माणसाचे हाल झाले, त्यात वाद नाही.

पण ‘४ वाजता बोलावलं आणि गाइड साडेपाचला उगवला’ हे वाक्य तसंच राहू दिलं तर ते आमच्या धंद्याला कायमचं चिकटेल. उन्हाळी सुट्टीच्या बुकिंगचे दिवस आहेत. काल दोन घरांतून चौकशी आली आणि दोघांनीही आधी तुमचा रिव्ह्यूच काढला. म्हणून सविस्तर लिहितो, राग मानू नका.

ताई, दीड तास. सव्वा नाही, पावणेदोन नाही. भारताच्या आणि दुबईच्या वेळेत फरक नेमका दीड तासाचा आहे, दुबई मागे. आपल्याकडे साडेपाच वाजतात तेव्हा तिथे ४ वाजलेले असतात. तुम्ही रिव्ह्यूसोबत टाकलेल्या फोटोत मागे मासे आहेत आणि पुढे मनगटावरच्या घड्याळात ५.२५, म्हणजे दुबईचे ३.५५ झालेत. गेटवर आपल्या ग्रुपची तिकिटं स्कॅन झाली दुबईच्या ४.०६ला. म्हणजे गाइड ३.५५ला तिथे हजर होता आणि तुम्ही दुबईच्या अडीच वाजताच येऊन उभ्या होतात.

फोन आपोआप वेळ बदलतो, असं सगळ्यांना वाटतं. तो बदलतो तिथलं नेटवर्क मिळाल्यावर. सिम इथलं आणि इंटरनॅशनल रोमिंग बंद असेल, तर फोन सोलापूरचीच वेळ दाखवत बसतो. मग सेटिंगमध्ये जाऊन टाइम झोन हाताने दुबईचा करावा लागतो, नाहीतर वायफायवर नुसतं ‘दुबई टाइम’ असं शोधून बघायचं. मॉलमध्ये वायफाय फुकट आहे. तिथूनच गाइडला एक मेसेज टाकला असता तरी उलगडा झाला असता. सकाळी गोंधळ झाला नाही, कारण तेव्हा रिसेप्शनवरून खोलीत फोन येतो. दुपारी जेवणानंतर मोकळा वेळ होता आणि घड्याळावर चालायची वेळ तेव्हाच पहिल्यांदा आली. विमानतळावरून निघताना बसमध्ये माइकवरून सांगितलं होतं, ‘घड्याळं दीड तास मागे करा’. तेव्हा मागच्या सीटवर शेंगाचटणी-भाकरीचे डबे उघडले होते, बहुतेक आवाज पोचला नसेल.

आमची चूकही सांगतो. ग्रुपवरच्या मेसेजमध्ये नुसतं ‘दु. ४ वा., मोठ्या काचेसमोर’ असं होतं. ‘दुबईची वेळ’ हे शब्द नव्हते. छापील कार्यक्रमात ‘सर्व वेळा स्थानिक’ असं आहे, पण पान ३ वर आणि बारीक अक्षरात. ते कुणी वाचत नाही हे आम्हालाही कळतं.

आता तिकिटाचं. ‘जे बाहेरून फुकट दिसतं त्याचे पैसे घेतले’ असं लिहिलंत. मॉलच्या तळमजल्यावरून मत्स्यालयाच्या टाकीचा जो दर्शनी भाग दिसतो तो फुकटच आहे, ते आम्ही कधी लपवलं नाही. सुमारे ३३ मीटर रुंद, ८.३ मीटर उंच आणि ७५ सेंटिमीटर जाड असा तो पत्रा आहे. आपण सगळे काच म्हणतो, पण ते अ‍ॅक्रिलिक (पारदर्शक प्लास्टिक) आहे. ज्यांना तेवढंच बघायचंय त्यांनी तिकीट काढूच नये, १० मिनिटांत फोटो होतात. तिकीट आहे ते आतल्या ४८ मीटरच्या बोगद्याचं आणि वरच्या मजल्यावरच्या अंडरवॉटर झूचं. टाकीत १ कोटी लिटर पाणी आहे, म्हणजे आपल्याकडचे १० हजार लिटरचे १ हजार टँकर. त्या पाण्याखालून चालायचं आणि बाहेरून बघायचं यात फरक आहे.

‘शार्क फोटोत दिसतात तेवढे मोठे नाहीत’ हीही तक्रार आहे. बोगद्याची भिंत वक्र असते, त्यामुळे मासे आहेत त्यापेक्षा लहान दिसतात. खरा आकार समजून घ्यायचा तर शार्क डोक्यावरून जाताना नाही, बाहेरच्या सपाट पत्र्यासमोरून जाताना बघावा. तिथे तो उलट थोडा जवळ आणि मोठा भासतो. फोटोसाठी फ्लॅश बंद करायचा आणि फोन अ‍ॅक्रिलिकच्या अगदी जवळ न्यायचा, नाहीतर मागच्या दुकानांचे दिवेच फोटोत येतात. तुमच्या फोटोत तेच झालंय.

‘घाईघाईत १ तासात उरकलं’ हे मात्र मान्य नाही. बोगद्याला सावकाश २० ते २५ मिनिटं, वर झूमध्ये पेंग्विन आणि ५ मीटरहून लांब मगर धरून तासभर, असं जवळपास दीड तासाचं आम्ही धरलेलं होतं. थकल्यामुळे तुम्ही झू अर्ध्यात सोडून खरेदीला गेलात. साहजिक आहे, पण ती घाई आमची नव्हती. ६ वाजता बाहेर कारंजं बघायला जमायचं होतं, तिथे बाकी सगळे वेळेवर होते.

हे वाचून जे आमच्याशिवाय जाणार असतील त्यांनाही सांगतो: तिथे सुट्टी शनिवार-रविवारी असते (२०२२ पासून), त्या दोन दिवशी संध्याकाळ टाळा. मेट्रोने गेलात तर स्टेशनपासून मॉलपर्यंत ८०० मीटरच्या वर आतूनच चालत जायचं असतं. एसी आहे, सरकते पट्टेही आहेत, तरी गुडघे दुखणाऱ्यांना बसच बरी. आणि व्हीलचेअर लागणार असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. सासूबाईंसाठी आम्ही विचारलं होतं, तेव्हा ‘नको, चालतात त्या’ असं उत्तर आलं होतं.

पुढच्या ग्रुपपासून मेसेजमध्ये वेळेपुढे ‘दुबईची’ असं लिहिणार आहोत. वयस्कर मंडळींच्या बसण्याचंही काहीतरी बघतो.

तिकिटाबद्दल, शार्कबद्दल तुमचं मत तुमच्यापाशी. स्टार १चे २ करा असंही म्हणत नाही. फक्त तो ‘दीड तास’ तेवढा काढता आला तर बघा.

आपला,
टूर व्यवस्थापक, सोलापूर