५९० चा गेम आणि बनवणाऱ्याच्या वाट्याला साडेसत्त्याऐंशी रुपये

"गेम ५९० रुपयांना आहे ना? हजार कॉपी गेल्या म्हणजे सहा लाख सुटले की!" मुंबईत गेम बनवणाऱ्या पोरांना हे मामापासून घरमालकापर्यंत सगळे ऐकवतात. कुठले सहा लाख? जरा हिशोब तरी करा!

५९० मध्ये १८ टक्के जीएसटी आलाच. तो काढला की उरले ५००. त्यातले ३० टक्के, म्हणजे १५०, स्टीमचे, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचे. राहिले ३५०. तेही पूर्ण किमतीला घेणारा भेटला तर! लोक गेम विशलिस्टला टाकतात आणि सेलची वाट बघत बसतात. निम्म्या किमतीला विकला की ३५० चे १७५ झाले. वर रिफंड आहेच: १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. दीड तासात संपणारा गेम अख्खा खेळूनही माणूस पैसे परत घेऊ शकतो.

आणि ते ३० टक्के सगळ्यांना लागत नाहीत, याची खरी चीड येते. ऑक्टोबर २०१८ पासून गेमची कमाई १ कोटी डॉलरच्या वर गेली की वरच्या रकमेवर २५ टक्के, ५ कोटींच्या वर २०. ज्याचं पोट भरलंय त्याला सूट, आणि मालाडच्या भाड्याच्या खोलीत तिघांनी बनवलेल्या गेमला पूर्ण ३०! ॲपल आणि गूगल छोट्यांकडून १५ घेतात, एपिक हे स्टीमसारखंच दुसरं दुकान फार तर १२. मग स्टीमला काय धाड भरलीय? 'एपिकवर जा' म्हणणाऱ्यांनी तिथे गिऱ्हाईक किती येतं तेही सांगावं.

सगळ्यात जास्त नागवतो तो पब्लिशरचा, म्हणजे पैसे लावून गेम बाजारात आणणाऱ्याचा करार. समजा त्याने २० लाख आगाऊ दिले, वाटणी अर्धी-अर्धी. रिकूप, म्हणजे आगाऊ रकमेची वसुली, वाटणीआधीच्या एकूण रकमेतून असेल तर १७५ च्या हिशोबाने साधारण ११,४२९ कॉपींत पैसे फिटतात. पण कलमात 'डेव्हलपरच्या हिश्श्यातून' असं लिहिलं की कॉपीमागे फक्त ८७.५० वळते होतात आणि २२,८५८ कॉपी लागतात. तोवर पब्लिशरने स्वतःच्या अर्ध्यातून आणखी २० लाख कमावलेले असतात. त्याच्या खिशात ४० लाख, बनवणाऱ्याला आगाऊ रकमेपुढे एक पैसा नाही! त्यात मार्केटिंगचा खर्च 'वाजवी' म्हणून मोघम लिहिलेला. ट्रेलर, स्टॉल, विमानाची तिकिटं, सगळं त्याच खात्यात चढतं आणि रिकूप संपतच नाही.

आणि विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'आमचा स्टँडर्ड करार आहे.' असेल! तरी रिकूप एकूण रकमेतूनच मागा, मार्केटिंगच्या खर्चाला आकड्यात मर्यादा घाला, दर तिमाहीला स्टोअरचा मूळ रिपोर्ट आणि हिशोब तपासायचा हक्क लिहून घ्या. नाही म्हणाला, तर सही करू नका.