दुर्गा खोटे थोर होत्याच, पण ‘पहिल्या’ नव्हेत

माझ्या भाचीने शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेचं भाषण परवा फोनवर म्हणून दाखवलं आणि दुसऱ्याच वाक्याला मी तिला थांबवलं. मजकूर कुठला, तर दर वर्षी महिला दिनाच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तोच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दुर्गा खोटे या भारतातल्या पहिल्या चित्रपट अभिनेत्री. त्यांच्याआधी बायकांची कामं पुरुषच करत. एखाददुसरी बाई असलीच तर ती ‘बाजारातली’, तिला धरायचं कशाला? ‘अयोध्येचा राजा’ हा देशातला पहिला बोलपट. आणि शेवटी बिचाऱ्या दुर्गाबाई हलाखीत, विस्मृतीत गेल्या. पोरीने हे सगळं घोकून ठेवलं होतं.

आधी ‘पहिल्या’चं बघू. दुर्गा खोटे पडद्यावर आल्या 1931 साली. त्याच्या अठरा वर्षं आधी, 1913 मध्ये, दादासाहेब फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ केला. त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमला, जेमतेम बारा-तेरा वर्षांची. हीच पुढे कमलाबाई गोखले. चंद्रकांत गोखल्यांची आई, विक्रम गोखल्यांची आजी. ही माहिती कुठल्या तळघरात दडलेली नाही. रीना मोहन यांनी कमलाबाईंवर माहितीपट केलाय. त्यात नव्वदीला टेकलेल्या कमलाबाई स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून बोलतात. एवढा एक माहितीपट बघितला तरी हा मजकूर पुढे ढकलायला हात धजणार नाही.

पुरुषच बायका व्हायचे, हे अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती म्हणजे अण्णा साळुंके, ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणारा पोरगा. ‘मोहिनी भस्मासुर’ होऊन गेल्यावरही, 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंकेच होते. पण म्हणून 1931 पर्यंत बायका नव्हत्याच? सुलोचना, गोहर, जुबेदा या मूकपटांतल्या नायिका काय पुरुष होत्या? फातमा बेगम तर 1926 मध्ये दिग्दर्शिका झाल्या होत्या.

आता ‘बाजारातल्या’ या शब्दाकडे येते. खरा संताप त्याचाच आहे. फाळक्यांनी तारामतीसाठी वेश्यावस्तीतही विचारून पाहिलं आणि तिथूनही नकार आला, हे खरं. त्यावरून पुढे जी कोणी आली ती ‘तसलीच’, असं ठरवून मोकळं व्हायचं? दुर्गाबाई कामत ब्राह्मण घरातल्या. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरात लहान मुलगी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा बाईपुढे लोकांच्या घरची धुणीभांडी, नाहीतर पोळपाट-लाटणं, याहून फारसं काही नव्हतं. त्यांनी नाटक कंपनी धरली, आणि समाजाने त्यांना वाळीत टाकलं. कमलाबाई फिरत्या कंपनीतच वाढल्या. चार-पाच वर्षांच्या असताना रंगमंचावर उभ्या राहिल्या. ऐन तारुण्यात नवरा गेला, तेव्हा रंगमंचावर काम करूनच तीन मुलगे वाढवले. प्रसंगी पुरुष भूमिकाही केल्या. अशा बाईचं नाव खोडायचं, आणि कारण काय, तर तिच्या घराण्याचा दाखला नाही?

बरं, घराण्याचाच हिशेब करायचा तर फाळक्यांची स्वतःची लेक मंदाकिनी 1919 च्या ‘कालियामर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली होती. तिला कुठल्या रकान्यात घालणार?

आणि ज्यांच्या कौतुकासाठी हे चाललंय, त्या दुर्गा खोटे तरी हौसेने आल्या का? सॉलिसिटर लाडांची मुलगी, सेंट झेवियर्समध्ये शिकलेली. सासरची श्रीमंती ओसरली, दोन मुलं पदरात, तेव्हा कमाईसाठी ‘फरेबी जाल’मध्ये शेवटच्या थोड्या भागातलं काम घेतलं. बाकीच्या चित्रपटात काय आहे याची त्यांना कल्पना नव्हती. जाहिरात मात्र लाडांच्या नावावर झाली आणि चित्रपट लागल्यावर टीकेची झोड उठली ती त्यांच्यावर. हे त्यांच्याच आत्मचरित्रात आहे. म्हणजे कामतबाईंना जी गरज बाहेर घेऊन आली, तीच यांनाही. एकीची गरज सन्मानाची आणि दुसरीची लाजेची, हे कोणी ठरवलं? सुशिक्षित, सुखवस्तू घरातल्या मुलींना दुर्गा खोट्यांमुळे वाट मोकळी झाली, हे मी नाकारत नाही. मजकुरात तेवढंच लिहिलं असतं तर माझी तक्रार नव्हती.

पहिल्या बोलपटाचं एका ओळीत संपतं. देशातला पहिला बोलपट ‘आलम आरा’, मार्च 1931. प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ 1932 चा, आणि त्याचा मान पहिल्या मराठी बोलपटाचा.

राहिली हलाखी. 1937 मध्ये ‘साथी’ची निर्मिती आणि दिग्दर्शन, 1960 मध्ये ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई, 1968 ला पद्मश्री, ‘बिदाई’साठी फिल्मफेअर, 1983 चा दादासाहेब फाळके पुरस्कार. दूरदर्शनवर घराघरात बघितली गेलेली ‘वागळे की दुनिया’ ही मालिका त्यांच्याच संस्थेची. 1991 मध्ये त्या गेल्या, त्याच्या दोन-तीन वर्षं आधीची. हलाखी आणि विस्मृतीची ही गोष्ट निव्वळ रडवण्यासाठी रचलेली आहे, आणि ती शाळकरी मुलांच्या तोंडी घालणं बंद करा.