राखेचं सिमेंट, तीन दिवसांचं पाणी आणि मामांचा स्लॅब

तो "ग्रीन सिमेंट म्हणजे पर्यावरणाच्या नावाखाली राखेची भेसळ" वाला मेसेज फिरत फिरत आमच्या मामांपर्यंत पोचलाय. खानापुरात त्यांचं घर चाललंय, कॉलम उभे आहेत, आणि मेसेज वाचून त्यांनी दुकानदाराला फोन करून पीपीसीची, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटची, पोती परत न्यायला सांगितली, ओपीसी ५३ च, म्हणजे राख न मिसळलेलं साधं सिमेंटच पाहिजे म्हणे, त्याला तीन दिवस पाणी मारलं की पुरे. नाहीतर असल्या फॉरवर्डला कोण विचारतंय.

हे तीन दिवसांचंच आधी घेतो, कारण बाकीच्या थापांनी फक्त डोकं फिरतं, हिच्यानं स्लॅब जाईल. आयएस ४५६ म्हणजे आपल्याकडं काँक्रीटचं काम ज्यावर चालतं ते मानक, २००० सालचं. त्यात साध्या ओपीसीलाही किमान ७ दिवस ओलं ठेवा असं आहे, राख किंवा स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी, घातलेलं असेल तर किमान १०, आणि हवा कोरडी, गरम असेल तर कुठलंही सिमेंट असो, १०. तीन कुठंच नाही! मार्चच्या उन्हात पाणी मारून खाली चहा पिऊन वर गेलं की स्लॅब परत पांढरा पडलेला असतो, म्हणून तर गवंडी मालाचे बांध घालून आळी करतात, पाणी तुंबवतात, कॉलमला बारदान गुंडाळतात. ते सोडायचं आणि मग तडे गेले की खापर राखेवर.

बरं, पीपीसीला ताकद सावकाश येते हे खरंय, मान्य. तीन दिवसांना ओपीसी ५३ कडून किमान २७ एमपीए (दाब सोसायच्या ताकदीचं माप) मागतात, पीपीसीला १६ चालतं, म्हणजे सेंट्रिंग काढायची घाई नको, एवढंच. भेसळ कसली त्यात? आयएस १४८९ मध्येच १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश लिहिलीय, पोत्यावर तो नंबर छापलेला असतो, आणि ही चुलीतली राख नाही, थर्मल प्लांटची बारीक राख आहे, ओल असेल तोवर सिमेंटमधल्या चुन्याशी जुळत जाते आणि ताकद वाढत राहते.

"फिल्टर बसवले, आता कार्बनचा प्रश्नच नाही" हे वाचून तर हात टेकले. कारखान्यातला फिल्टर धूळ पकडतो, वायू नाही. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड त्या दगडातूनच निघतो, मग खाली कोळसा जाळा नाहीतर उसाचं चिपाड. लोकापूरकडचा दगड असो की आणखी कुठला, रसायन तेच. सिमेंटच्या उत्सर्जनातला साधारण ६० टक्के भाग हाच, म्हणून क्लिंकर, म्हणजे चुनखडी भट्टीत भाजून होणारा सिमेंटचा मूळ माल, कमी करायचं आणि त्यासाठीच राख, स्लॅग. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी घालून क्लिंकर निम्म्यावर आणणाऱ्या सिमेंटलाही २०२३ मध्ये मानक मिळालंय, आयएस १८१८९.

"काँक्रीट सगळा कार्बन परत पितं" हे अर्धं खरं. २०१६ च्या एका अभ्यासात दगडातून निघालेल्यापैकी सुमारे ४३ टक्के परत शोषला गेल्याचा अंदाज आहे, पण तो १९३० ते २०१३ एवढ्या वर्षांचा आणि इंधनाचा धूर त्यात धरलेलाच नाही. वर तो कार्बन आत सळईपर्यंत पोचला की सळई गंजायला लागते, हे मेसेजवाल्याला कोण सांगणार.

"सिमेंटचा वाटा जगात एक टक्काही नाही" म्हणे. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सात-आठ टक्के आहे.

मामांना ओपीसीच घ्यायचं असेल तर घेऊ देत, पैसे त्यांचे. पण शनिवारी स्लॅब आहे आणि मंगळवारी मोटर बंद केली तर मीच वर जाऊन पाइप धरून उभा राहणार आहे, हे त्यांना फोनवर सांगून झालंय.