आठाने भागून इंटरफेसचा वेग निघत नाही

जुन्या कॉम्प्युटरमधल्या डिस्क, केबल आणि पोर्ट यांचा ‘खरा वेग’ सांगणारं एक कोष्टक सध्या बरंच फिरतंय. नियम एका ओळीचा आहे: इंटरफेसच्या, म्हणजे डिस्क किंवा उपकरण कॉम्प्युटरला जोडणाऱ्या व्यवस्थेच्या, नावातला आकडा घ्या, आठाने भागा, की सेकंदाचे मेगाबाइट मिळाले. त्या हिशोबाने साटा (कॉम्प्युटरच्या आत डिस्क जोडायची पद्धत) १.५ गीगाबिट म्हणजे १८७.५, साटा ६ गीगाबिट म्हणजे ७५०, आयडीईचं (साटाच्या आधीच्या जोडणीचं) एटीए-१३३ म्हणजे जेमतेम १६.६, यूएसबी २.० म्हणजे ६० आणि फायरवायर (यूएसबीसारखंच बाहेरची उपकरणं जोडायचं पोर्ट) ४०० म्हणजे ५०. प्रत्यक्षात हे आकडे मिळत नाहीत, म्हणून कंपन्या फसवतात, असा निष्कर्षही खाली दिलेला असतो. आठ बिटांचा एक बाइट होतो, एवढं त्यात बरोबर आहे. बाकीचं तपासायलाच हवं, कारण जुन्या डिस्कवरचे फोटो आणि हिशोब वाचवायला बसलेली माणसं याच आकड्यांवरून केबल बिघडली की डिस्क, हे ठरवतात.

‘साटा १.५ गीगाबिट म्हणजे १८७.५ मेगाबाइट.’ नाही, १५०. साटाच्या केबलमध्ये क्लॉकसाठी, म्हणजे प्रत्येक बिट कधी वाचायचा हे सांगणाऱ्या ठोक्यासाठी, वेगळी तार नसते. पलीकडच्या चिपला सिग्नलच्या चढउतारावरूनच वेळ जुळवावी लागते. सलग बरीच शून्यं किंवा बरेच एक आले, तर चढउतार होतच नाही आणि बिट मोजताना चूक होते. म्हणून दर आठ बिटांच्या जागी ठरलेल्या दहा बिटांचा संच पाठवतात. त्यात एकसारखे बिट सलग पाचांहून जास्त येत नाहीत आणि शून्यं व एक यांचा तोलही राहतो. ही ८बी/१०बी पद्धत आयबीएमच्या विडमर आणि फ्रॅनाझेक यांनी १९८३ मध्ये मांडली होती. दीड गीगाबिट हा तारेवरून धावणाऱ्या सगळ्या बिटांचा आकडा आहे, त्यामुळे इथे भागायचं दहाने: १.५, ३ आणि ६ गीगाबिटचे अनुक्रमे १५०, ३०० आणि ६०० मेगाबाइट. पडताळा घरातच मिळेल. साटाच्या एसएसडीच्या खोक्यावर साधारण ५५० ते ५६० मेगाबाइट छापलेलं असतं. मर्यादा खरंच ७५० असती, तर इतक्या स्पर्धेत एखाद्या तरी कंपनीने ६०० ओलांडले असते.

यामुळे तुलनाही बिघडते. कोष्टकातले १८७.५ धरले, तर एटीए-१३३ वरून पहिल्या साटावर जाताना कमाल वेग ४१ टक्क्यांनी वाढला असं वाटेल. खरी वाढ सुमारे १३ टक्के होती.

‘एटीए-१३३ म्हणजे १६.६.’ ही चूक मला सगळ्यात घातक वाटते. आयडीईच्या नावातला १३३ हा मुळातच मेगाबाइटचा आकडा आहे. रुंद पट्टीच्या केबलमधून एका वेळी १६ बिट, म्हणजे दोन बाइट जातात. अल्ट्रा डीएमएच्या (डिस्कवरचा डेटा प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीत नेणाऱ्या पद्धतीच्या) मोड ६ मध्ये हे दर १५ नॅनोसेकंदांना घडतं. दोन बाइट भागिले १५ नॅनोसेकंद, उत्तर सेकंदाला १३३ मेगाबाइट. एटीए-१०० मध्ये अंतर २० नॅनोसेकंदांचं, म्हणून १००. ३३ च्या वरच्या मोडना ८० तारांची केबल लागते. जुनी ४० तारांची लावली, तर वेग ३३ वरच अडतो.

आता योगायोग बघा. आयडीईच्या जुन्या पीआयओ (डेटा प्रोसेसरमार्फत हलवणारी संथ पद्धत) मोड ४ ची मर्यादा १६.७ मेगाबाइट आहे. विंडोज एक्सपीमध्ये डिस्कशी बोलताना पुन्हा पुन्हा चुका झाल्या, की सिस्टिम स्वतःच डीएमए सोडत सोडत पीआयओवर उतरते. अशा आजारी कॉम्प्युटरवर वेग १६.७ च्या आत दिसेल, आणि कोष्टक हाती असलेला माणूस म्हणेल, बरोबर आहे की! खरा बिघाड तसाच राहील.

स्कझीचंही (मुख्यतः सर्व्हरमधल्या डिस्कच्या जोडणीचंही) हेच. अल्ट्रा-३२० मधले ३२० मेगाबाइटच आहेत.

‘यूएसबी २.० फायरवायर ४०० पेक्षा वेगवान.’ कागदावर ४८० हा आकडा मोठा आहेच. पण यूएसबी २.० मध्ये सेकंदाचे ८,००० तुकडे पडतात आणि एका तुकड्यात ५१२ बाइटची जास्तीत जास्त १३ बल्क पाकिटं (फाइलसारखा मोठा डेटा नेणारी) बसतात. गुणाकार केला की ५३.२ मेगाबाइट येतात, ६० नाहीत. शिवाय प्रत्येक देवाणघेवाण कॉम्प्युटरने विचारल्यावरच होते, डिस्क आपणहून काही पाठवू शकत नाही. हातात साधारण ३० ते ४० पडतात. फायरवायर ४०० चा नेमका दर ३९३.२१६ मेगाबिट, म्हणजे ४९ मेगाबाइट. तिथे क्लॉकची माहिती तारांच्या दुसऱ्या जोडीवरून मिळते, त्यामुळे ८बी/१०बीची वजावट नाही. पाकिटं २,०४८ बाइटपर्यंत मोठी असतात आणि उपकरणं एकमेकांशी थेट बोलतात. म्हणून त्या काळात बाहेरच्या डिस्कवर फायरवायर सहसा पुढे असायचं.

‘मग सगळीकडे दहाने भागा,’ अशी दुरुस्तीही कुणी कुणी सुचवतं. तीही चालत नाही. फायरवायर ८०० ८बी/१०बी वापरतं, पण तारेवरचा दर ९८३ मेगाबिट असून वजावटीनंतर उरलेले ७८६ मेगाबिट नावात ८०० म्हणून आले आहेत. इथे आठानेच भागायचं, सुमारे ९८ मेगाबाइट.

उरला फसवणुकीचा आरोप. इंटरफेसचा आकडा ही रस्त्याची मर्यादा आहे. २००३ च्या सुमाराची ७,२०० आरपीएमची घरगुती डिस्क तबकडीवरून सेकंदाला साधारण ५० ते ६० मेगाबाइट वाचायची, आतल्या ट्रॅकवर त्याहून बरेच कमी. तिला एटीए-१०० लावा की साटा, सलग वाचनाचा वेग जवळपास तोच. काही सॉफ्टवेअर १०,४८,५७६ बाइटचा मेगाबाइट धरतात, तिथे आकडा आणखी सुमारे ४.६ टक्क्यांनी लहान दिसतो. एवढ्यावरून कुणाला लबाड म्हणता येत नाही.

१६० जीबीची जुनी डिस्क यूएसबी २.० च्या डब्यात घालून मोठ्या फाइल उतरवताय? कोष्टकाप्रमाणे ४५ मिनिटं लागायला हवीत. ३२ मेगाबाइटच्या वेगाने ८३ मिनिटं लागतात, आणि तेवढी लागली तर केबल, डबा, डिस्क सगळं धडधाकट आहे. अंदाज ४० तासांच्या पुढे दाखवत असेल, तर बहुधा डिस्क यूएसबी १.१ च्या, म्हणजे आधीच्या खूप संथ यूएसबीच्या, वेगाने जोडली गेली आहे. आधी पोर्ट बदलून बघा.