ताट कुठं मांडायचं, हे कोण ठरवतं?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या खाणावळीतला तांबडा रस्सा एकाएकी तपकिरी दिसायला लागला. चटणी तीच, मटण त्याच दुकानातलं, वाढणारे हातही तेच. पंधरा वर्षं दर बुधवारी आणि रविवारी येणारे एक काका वाटी पुढं धरून म्हणाले, "वैनी, औंदा चटणी बदलली काय?" मी ती वाटी घेऊन दारात उन्हात गेले. उन्हात रस्सा लालभडक, वर तेलाचा तवंग चमकतोय. आत आणला की मातकट. बदलले होते फक्त दिवे. जागा स्वच्छ आणि मोठी दिसावी म्हणून आम्ही जुने पिवळे बल्ब काढून पांढऱ्याशुभ्र एलईडी पट्ट्या बसवल्या होत्या.

वायरमनदादांनी खोक्यावरचे आकडे वाचायला शिकवलं. ६५०० केल्विन म्हणजे थंड, निळसर उजेड. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर. दुसरा आकडा सीआरआय, त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं शंभरापैकी माप. स्वस्तातल्या दिव्यांत लाल रंग सगळ्यात आधी मार खातो. आणि आमचं तर सगळं दुकानच लाल रंगावर उभं आहे! स्वयंपाकघरात पांढरा उजेड तसाच ठेवला, तिथं भाजी-मटण निवडायला तो लागतोच. टेबलांवर मात्र ३००० केल्विनचे, सीआरआय ९० च्या वरचे दिवे घेतले आणि टेबलापासून अडीच फुटांवर खाली सोडले. पुढच्या बुधवारी काका काही बोलले नाहीत. दोन वाट्या जास्त घेतल्या.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली ही बारा टेबलांची जागा मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, पण "बघितली" त्या दिवसापासून. जेवायच्या जागेतली प्रत्येक गोष्ट कुणीतरी ठरवलेली असते. उजेड, भांड्याचा रंग, भिंतीवरचं चित्र, खुर्चीची उंची, सगळं. आपण ठरवलं नाही तर दुकानदार ठरवतो, कॉन्ट्रॅक्टर ठरवतो, नाहीतर गोदामात जो माल पडून असतो तो ठरवतो. आणि ज्याला आपल्या ताटात काय आहे हेच माहीत नाही, त्यानं ठरवलेलं आपण वर्षानुवर्षं भिंतीवर वागवतो. हे मला मनापासून खटकतं. आपल्या गावात तर जास्तच खटकतं, कारण आपण स्वतःला कलापूर म्हणवून घेतो.

आमचंच सांगते. दिव्यांच्या कामाबरोबर कॉन्ट्रॅक्टरनं एक अख्खी भिंत वॉलपेपरनं मढवून दिली. "कोल्हापूर थीम" म्हणून कॅटलॉगमधून निवडलेली: मिरच्या, पिळदार मिशी, बैल, तुतारी. १८,००० रुपये. ती भिंत पश्चिमेची. जुलैत पाऊस लागला, भिंतीला ओल आली, कडा सुटल्या, आणि एका संध्याकाळी वरचा कोपरा सुटून लहान मूल जेवत होतं त्याच्या डोक्यावर लोंबायला लागला. त्या ताईंनी मुलाला उचलून दुसऱ्या टेबलावर नेलं. एक शब्द बोलल्या नाहीत, पण मला रात्रभर झोप लागली नाही. ओल ही कोल्हापुरात नवी गोष्ट आहे का? इथल्या पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर कागद चिकटवायचा नाही, हे शेजारच्या कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. कॅटलॉगला ते कसं कळणार?

सासूबाईंनी तो कागद सोलून काढताना बघितला. त्या मूळच्या गडहिंग्लजच्या. त्यांच्या माहेरी पंगत बसायची तेव्हाचं सगळं त्या दुपारी त्यांनी मला फरशीवर बसून करून दाखवलं. पाट भिंतीला समांतर, दोन पाटांत एवढं अंतर की वाढणारीचा पदर कुणाच्या ताटाला लागू नये. पाटाभोवती रांगोळीची महिरप, ती ताटाच्या बाजूला थोडी उघडी. तांब्या-भांडं कुठं, तेही ठरलेलं. मग ताट. वर मधोमध मीठ. डावीकडं लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडं भाजी आणि आमटी. का? उजव्या हातानं जेवायचं, तर जे पुन्हापुन्हा घ्यायचं ते उजव्या हाताशी. जे बोटभर लागतं ते पलीकडं, म्हणजे ते मुख्य जेवणात चुकून मिसळत नाही. चटणीचा हिरवा आणि वरण-भाताचा पिवळा-पांढरा एकमेकांना भिडत नाहीत, त्यामुळे ताट वाढून झालं की रंगही आपोआप जागेवर बसतात. "कुणी शिकवलं हे?" विचारलं तर म्हणाल्या, "शिकवायचं काय त्यात? चुकलं की आजी ताट परत वाढायला लावायची."

डिझाइन हा शब्द त्यांनी आयुष्यात वापरला नसेल. पण माझ्या दृष्टीनं तेच खरं डिझाइन. येणाऱ्या माणसाचा हात कुठं जाणार, नजर कुठं जाणार, त्याला कशाची अडचण होईल, याचा विचार तो यायच्या आधी कुणीतरी करून ठेवलेला असतो.

तिथून आम्ही एकेक गोष्ट हातात घेतली. पांढरा रस्सा आम्ही पांढऱ्या मेलामाइनच्या वाटीत देत होतो. दिसायचाच नाही! आता तो काळपट तपकिरी चिनी मातीच्या वाटीत जातो आणि तांबडा पांढऱ्या वाटीत. ज्या टेबलांवर स्टीलच्या वाट्या जायच्या तिथं बोटं भाजायची आणि रस्सा पटकन निवायचा, कारण स्टीलमधून उष्णता झटकन बाहेर जाते. चिनी मातीची जाड वाटी दोन्ही हातांत धरून रस्सा ओरपता येतो. दोन महिन्यांत चाळीसातल्या अकरा वाट्या फुटल्या, हा खर्च आमच्या ह्यांनी वहीत वेगळा मांडून दाखवला. खरा आहे. तरी मी त्या वाट्या बंद करणार नाही.

सगळ्यात मोठा फरक पडला तो मात्र घोंगड्यांनी. खाली फरशी, टेबलांवर ग्रॅनाइट, वर पत्रा, बाकीच्या भिंतींना टाइल्स. आवाज शोषून घेईल असं आत काहीच नव्हतं. रविवारी दुपारी बारा टेबलं भरली की समोरच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून माणूस मोठ्यानं बोलायचा, म्हणून शेजारचा त्याच्याहून मोठ्यानं. म्हातारी माणसं गप्प बसून जेवायची. आम्ही पट्टणकोडोलीच्या बाजूला एका विणकर काकांकडं गेलो. काळ्या मेंढीची लोकर, न रंगवता. सुताला चिंचोक्याची खळ. माग जमिनीला लागून, पाय खड्ड्यात सोडून बसायचं. दोन घोंगडी घेतली, कडेला पांढरी किनार असलेली. "भिंतीला लावणार" म्हटल्यावर काका थोडे नाराज झाले. "अंगावर घ्यायची वस्तू हाय ताई ती." मग आवाजाचं कारण सांगितलं. त्यांनी मान डोलावली, म्हणाले, "मेंढक्याला रानात त्यातच झोप लागती, वारं ऐकू येत न्हाई."

चार दिवस कडक उन्हं दिली. सुतारानं लाकडी पट्ट्या मारून ती भिंतीपासून दोन इंच सुटी टांगली, मागं हवा राहते, आवाजही जास्त शोषला जातो. स्वयंपाकघराच्या दारापासून लांब, नाहीतर फोडणीचा धूर धरतील. दर पंधरा दिवसांनी उतरवून झटकतो. पहिल्या रविवारी मी गल्ल्यावर बसून कोपऱ्यातल्या टेबलावरच्या आजींचं बोलणं ऐकलं. नातवाला काटा काढून मासा कसा खायचा ते सांगत होत्या. इतकी वर्षं त्या टेबलावरचा एक शब्द माझ्यापर्यंत पोचला नव्हता.

राहिली पश्चिमेची भिंत. माझी भाची चित्रकला शिकते. तिनं मला रॉथ्को नावाच्या चित्रकाराची गोष्ट सांगितली. १९५८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका अतिशय महागड्या रेस्टॉरंटनं त्याला भिंतींसाठी चित्रं काढायला सांगितलं. त्यानं गडद लाल-काळसर रंगांची प्रचंड चित्रं काढली. मग एकदा बायकोबरोबर तिथं जेवायला गेला, ती जागा, ती माणसं बघितली आणि घेतलेले पैसे परत करून चित्रं द्यायला नकार दिला. त्यातली काही आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहेत. मला लगेच आपले चित्रकार आबालाल रहिमान आठवले. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले तेव्हा आबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थ तळ्यात सोडून दिली, असं आपल्याकडं सांगतात. ज्याच्यासाठी काढली तो बघणारा गेला. न्यूयॉर्कचा तो आणि कोटितीर्थाकाठचा हा, दोघांनाही आपलं चित्र कुणासमोर असावं याची केवढी चाड होती! आणि आपण? "या भिंतीला काहीतरी लावू" म्हणून तीन तुकड्यांचा तयार सेट ऑनलाइन मागवतो.

ज्या गावात बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवता रंगवता बाबूराव पेंटर झाले, "पेंटर" हा शब्दच आडनावासारखा मानानं लावला गेला, तिथं आज दळवीज आणि कलानिकेतन या चित्रकलेच्या संस्थांमधून पोरं शिकून बाहेर पडतात आणि काम नाही म्हणून पुण्या-मुंबईची गाडी धरतात. शाहू स्मारकच्या दालनात त्यांची प्रदर्शनं लागतात. आपण बघतो, वहीत "सुंदर" लिहितो आणि चहा पिऊन घरी येतो. मी पण हेच करत होते. कृपा करून पुढच्या वेळी किंमत विचारा.

भाचीच्या वर्गातल्या एका मुलीनं आमचं चित्र काढलं. तिला मी आधी दोन दिवस खाणावळीत बसवून जेवू घातलं. मग ती म्हणाली, "काकी, इथं ताटातच एवढा लाल रंग आहे, भिंतीवर नको." तिनं पंचगंगेचा घाट काढला, पहाटेचा, करडा-निळा, माणूस नसलेला. ओल नाही अशा दक्षिणेच्या भिंतीवर लावला. पश्चिमेच्या भिंतीला फक्त चुना दिला, ती तशीच मोकळी आहे आणि छान दिसते. चित्राचा मध्य जमिनीपासून चार फुटांवर. प्रदर्शनात तो पावणेपाच-पाच फुटांवर असतो, कारण तिथं माणूस उभा असतो. आमच्याकडं तो बसलेला असतो. तिला १२,००० रुपये दिले, एकरकमी, घासाघीस न करता.

हे म्हणतात, लोक रश्श्यासाठी येतात, चित्रासाठी नाही. बरोबर आहे, रस्सा बिघडला तर चित्र बघायला कुणी थांबणार नाही. पण ज्या घरात मी रोज रात्री जेवते तिथंही हेच लागू आहे ना? आमच्या वरच्या मजल्यावर डायनिंग टेबलाच्या खुर्च्यांची तोंडं टीव्हीकडं होती आणि निम्म्या टेबलावर इस्त्रीचे कपडे. टेबल खिडकीशी सरकवलं. सासूबाईंचा पितळी फुलांचा पाट माळ्यावरून उतरवला, सणावारी त्या त्यावरच बसतात. याला एक रुपया लागला नाही. मुलगा पहिले आठ दिवस कुरकुरला, आता खिडकीतून समोरच्या गच्चीवरची कबुतरं मोजतो.

आता हात धुवायच्या जागेचं काम काढलंय. प्लॅस्टिकचं बेसिन तडकलंय आणि मला तिथं दुसरं तसलंच नको. कुणाच्या माळ्यावर जुनं तांब्याचं घंगाळ पडून असेल, थोडं चेपलेलं असलं तरी चालेल, तर सांगा. तळाला भोक पाडून पाइप जोडून देणारा कारागीर मिळालाय. रास्त पैसे देईन, आणि ज्यांचं असेल त्यांनी एकदा येऊन त्यात हात धुऊन जेवून जायचं.