मसाई पठारावर आज जे बघितलं

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

सकाळी पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर गेलो होतो. श्रावण, धुकं, जांभ्यावर साचलेलं पाणी आणि त्यात गेंदाची पांढरी बोंडं. आणि त्याच फुलांवर चार फोर बाय फोर गाड्या गोल गोल फिरत होत्या. एकजण बोनेटवर बसून व्हिडिओ काढतोय, बाकीचे शिट्ट्या मारतायत, मागच्या सीटवर लहान पोरं. "दादा, गाडी रस्त्यावर घ्या की" म्हटलं, तर उत्तर काय? "ताई, एवढी महागाची गाडी घेतलीय ती काय ताराराणी चौकात चालवायला?"

आमच्याकडंही तसलीच गाडी आहे. सासूबाई, दोन्ही मुलं, तंबू, शेगडी, भडंगाचा डबा असं सगळं भरून आम्ही ती कोल्हापूरवरून लडाखला नेली होती. एवढ्या वयाच्या बाईला एवढ्या उंचीवर नेतात का, असं नातेवाईक म्हणाले होते. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं, म्हणून डॉक्टरांना विचारून, श्रीनगरकडून हळूहळू चढत गेलो आणि लेहला नुसते बसून राहिलो. मग उपशीवरून टांगलांग ला ही खिंड. ५,३२८ मीटर. ती उतरून डेब्रिंगवरून आत वळलो की त्सो कार हे खारं तळं. काठाला मिठाचा पांढरा पट्टा, लांबवर कियांगांचा, म्हणजे तिकडच्या रानगाढवांचा कळप आणि चहूबाजूंनी उघडेबोडके डोंगर.

तिथं मुलांपेक्षा सासूबाईच जास्त रमल्या. भात कुकरशिवाय शिजेना, वाऱ्यानं तंबू फडफडतोय, आणि या शेरडं बघत बसलेल्या. थुक्जे गावाजवळ एक म्हातारे चांगपा बाबा (चांगपा म्हणजे तिकडचे भटके मेंढपाळ) पश्मिन्याची शेरडं घेऊन आले होते. सासूबाईंनी सरळ मराठीतच विचारलं, "अवो, हितं गवताची काडी न्हाई, ही खात्यात काय?"

बाबांना काय कळलं कुणास ठाऊक, पण ते खाली बसले. नखानं खडे बाजूला केले. खाली अंगठ्याएवढं, जमिनीला चिकटलेलं, राखाडी हिरवं झुडूप. मग त्यांनी शेजारचे दोन चर दाखवले. जुन्या चाकांचे. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, हा ट्रक गेला तेव्हा माझा पोरगा पाठीवर होता, आता तो लेहला टॅक्सी चालवतो. त्या चरांत अजून काहीही उगवलेलं नव्हतं.

तो माणूस माझ्या डोक्यातून जात नाही.

लेहला वर्षाला पाऊस पडतो जेमतेम १०० मिलिमीटर. आपल्या गगनबावड्याला जुलैत एखाद्या दिवसात तेवढा पडतो! तिकडं उन्हाळ्याचे थोडेच महिने काही उगवतं. वरची पापुद्र्यासारखी माती एकदा चाकाखाली फुटली की वारा उडवून नेतो. आणि लोक काय करतात? कच्च्या रस्त्यावर गाडी खडखडते म्हणून शेजारून घालतात. तोही खडखडायला लागला की त्याच्या शेजारून. असे समांतर रस्ते आम्ही मोजायचे सोडून दिले. आमचे हे रोज सकाळी टायरची हवा थोडी कमी करायचे आणि आहे त्याच चाकोरीतून सावकाश न्यायचे. मुलं कंटाळायची. कंटाळू देत.

आता म्हणाल, मसाई काय वाळवंट आहे का? नाही. इथं उलटं होतं. जांभ्यावर माती असते बोटभर. त्या बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू, कवला हे सगळं वर्षभर बी होऊन थांबलेलं असतं. चाकाचा चर पडला की तोच पाण्याचा ओढा होतो आणि बोटभर माती पहिल्या मोठ्या सरीला दरीत जाते. खाली उरतो कातळ. पठारात मुरलेल्या पाण्यावर खालच्या वाड्यांचे झरे चालतात, ते वेगळंच.

बाबांनी ज्या नखानं ते झुडूप दाखवलं ना, त्या नखाएवढी फुलं आज चिखलात गेलेली बघितली. संताप येणार नाही तर काय होईल? आणि त्यातल्या एका गाडीच्या मागच्या काचेवर महाराजांचा फोटो! १६६० मध्ये पन्हाळ्यावरून विशाळगडाकडं महाराज याच वाटेनं गेले. दर जुलैला पोरं चिखल तुडवत, अनवाणीसुद्धा, ही वाट चालतात. तिथं तुम्ही गाडी गरागरा फिरवणार?

सगळे फोर बाय फोरवाले असे नसतात, मान्य. महापुरात आमच्या गल्लीत दूध जीपवाल्या पोरांनीच पोचवलं.

मला खरं वाईट वाटलं ते मागच्या सीटवरच्या पोरांचं. टाळ्या वाजवत होती बिचारी. आमच्या धाकट्याला लडाखला त्या चांगपा बाबांनी हाताला धरून नेलं होतं, पाय कुठं ठेवायचा ते दाखवत. अजून तो पठारावर कातळ बघून पाय टाकतो. या पोरांना कोण दाखवणार?

पठार राखीव जाहीर झालंय, पण फलकाला कोण विचारतंय. उद्या मी वनविभागाला आणि ग्रामपंचायतीला पत्र देणार आहे. गाड्या रस्ता सोडून जिथं आत शिरतात तिथं मोठे दगड लावा, गाड्या अलीकडंच थांबवा, फुलांच्या दिवसांत तरी. सही कुणाला करायची असेल तर संध्याकाळपर्यंत घरी या, नाहीतर मला फोन करा.