बारा वाजले म्हणजे नक्की किती व्होल्ट?

किल्ली फिरवली. डॅशबोर्डवरचे दिवे आजाऱ्यासारखे मंद उजळले आणि बोनेटखालून आवाज आला, ‘टिक्टिक्टिक्टिक्’. आत कुणीतरी घाईघाईने राजीनामा टाइप करत असावं. मी पुन्हा सेल्फ मारला. पुन्हा टिकटिक. तिसऱ्यांदाही मारला, कारण यंत्राने दोनदा नाही म्हटलं तरी तिसऱ्यांदा विचारून बघायचं असा माझा शिरस्ता आहे. यावेळी टिकटिकसुद्धा नाही. राजीनामा पूर्ण झाला होता.

बंद गाडीचं बोनेट उघडणं म्हणजे जाहीर आमंत्रण. पाच मिनिटांत चार माणसं जमली. तळमजल्यावरच्या काकांनी गाडीला हातही न लावता सांगितलं, “स्टार्टर गेला.” दुसऱ्या काकांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र. दोघांची जुंपली, आणि माझी गाडी बाजूलाच राहिली. बायको वरून ओरडली, “पेट्रोल आहे का बघ आधी!” हे मी ऐकलं नाही असं दाखवलं. काटा मी तिच्या नकळत बघून घेतला.

शेवटी दुसऱ्या काकांचा कॉलेजात जाणारा मुलगा मल्टीमीटर घेऊन आला. म्हणाला, “काका, एकच ठसठशीत ‘टक्’ झालं असतं तर स्टार्टरवर संशय घेतला असता. टिकटिक म्हणजे बॅटरीत दम नाही, नाहीतर टर्मिनल सैल.” टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी साचली होतीच. ती खाण्याचा सोडा आणि पाण्याने धुतली, फसफसली, मला फार बरं वाटलं. मग त्याने मीटर लावला. 11.6.

“मग आहे की!” मी म्हणालो. “बारातले साडेअकरा शिल्लक आहेत.”

त्याने माझ्याकडे गणितात नापास झालेल्याकडे बघावं तसं बघितलं. बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येकी साधारण 2.1 व्होल्टचा. म्हणजे भरलेली बॅटरी 12.6 दाखवते. 12.2 दिसले की ती निम्मी झाली. बरोबर 12 दिसले की जेमतेम पाव उरली. थोडक्यात, बारा व्होल्टच्या बॅटरीत बारा व्होल्ट दिसले की तिचे बारा वाजले. आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक होतं, मलाच नव्हतं.

जंपर केबल लावून गाडी सुरू केली. काळ्या वायरचा शेवटचा चिमटा त्याने बॅटरीला न लावता लांब, इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावला. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे ठिणगी नको, म्हणाला. हे ऐकून दोन्ही काका चार पावलं मागे सरकले. इंजिन चालू असताना मीटरवर 14.2 आले, म्हणजे अल्टरनेटर निर्दोष सुटला. त्याच्या वडिलांचा चेहरा पडला. बॅटरी मात्र पाच वर्षांची निघाली आणि सर्वांच्या मते तिचं वय झालं होतं. वय झालं म्हटलं की पुढचा तपास कुणी करत नाही, हे माणसांच्याही बाबतीत मी पाहिलंय.

बॅटरीच्या दुकानात आपण गिऱ्हाईक म्हणून जातो आणि परीक्षार्थी होतो. ‘किती एएच?’ म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते ते. जुनीवर 35 लिहिलेलं होतं, तेवढं सांगितलं. ‘सीसीए किती हवा?’ हा थंडीत इंजिन फिरवायचा करंट. उणे 18 अंशांत बॅटरीने 30 सेकंद एवढा करंट दिला तरी व्होल्टेज 7.2 च्या खाली जाता कामा नये, असा हिशेब. उणे 18 मध्ये मी स्वतः सुरू होणार नाही, पण गाडीच्या पुस्तकात जेवढा सांगितलाय तेवढा किंवा थोडा जास्त घ्यावा, एवढं समजलं. ‘एजीएम, म्हणजे वारंवार चालू-बंद सोसणारी बॅटरी, दाखवू का? सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या बऱ्याच गाड्यांना तीच लागते.’ माझीही सिग्नलला बंद पडते, पण ते माझ्या क्लचमुळे. त्याला काही एजीएम लागत नाही.

“प्लस कुठल्या बाजूला?”

“उजवीकडे,” मी ठामपणे म्हणालो.

कुणाच्या उजवीकडे, हे त्याने विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. घरी येऊन बॅटरी ट्रेमध्ये ठेवली. चपखल बसली. लाल केबल ओढली, तर टर्मिनलपासून चार बोटं लांब. आणखी ओढली. साडेतीन बोटं. केबलला समजावून सांगता येत नाही. मग बॅटरीच उलटी फिरवू म्हटलं, तर तिची पकडपट्टी बसेना. बॅटरीच्या नंबरात शेवटी एल किंवा आर असतो तो शोभेसाठी नसतो, हे कळायला मला दुकानाच्या दोन फेऱ्या लागल्या. एवढ्यात एकदा पाना प्लसवरून घसरून बॉडीला लागला आणि अशी ठिणगी उडाली की काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस हा नियम मी जन्मात विसरणार नाही.

शुक्रवारी संध्याकाळी गाडी लावली. सोमवारी सकाळी किल्ली फिरवली. ‘टिक्टिक्टिक्टिक्.’

नवी कोरी बॅटरी! दुकानदाराने तिला टेस्टर लावला आणि थंडपणे सांगितलं, “बॅटरी ठणठणीत आहे, फक्त रिकामी आहे. गाडी करंट खातेय.” हे वाक्य पचवायला जड गेलं. पेट्रोल खाते, टायर खाते, माझे रविवार खाते. आता उभ्या उभ्या करंटही?

त्या रात्री काकांच्या मुलाने मायनसची केबल काढून मध्ये मीटर जोडला. “सगळं बंद असताना 0.05 अँपिअरच्या आत यायला हवं. पण आधी गाडीला झोपू द्यायचं.” गाडीतले लहानसहान कॉम्प्युटर कुलूप लावल्यानंतरही बराच वेळ जागे असतात म्हणे. अर्धा तास तरी थांबायचं. आम्ही थांबलो. तान्ह्या बाळाच्या पाळण्याजवळ थांबतात तसे, कुजबुजत. मीटरवरचा आकडा उतरत होता: 3, 1.8, 0.9... पंचवीस मिनिटं झाली आणि बायकोने खिडकीतून, केवळ मदत म्हणून, रिमोटने गाडी उघडली. दिवे लागले, आरसे उलगडले, आकडा भसकन चारवर. बाळ उठलं.

पुन्हा अर्धा तास. रिमोट जप्त. यावेळी दार उघडं ठेवून त्याची कडी स्क्रू ड्रायव्हरने मिटवली, म्हणजे फ्यूजपर्यंत हात जाईल आणि गाडीला मात्र दार बंद आहे असंच वाटेल. आकडा उतरत उतरत 0.44 वर आला आणि तिथेच बसला. तो एकेक फ्यूज उपटायचा, मी ओरडायचो. “0.44. 0.44. 0.44.” शेजारून कुणी गेलं असतं तर लिलाव चाललाय असं वाटलं असतं. नवव्या फ्यूजला आकडा धाडकन 0.03 झाला. मी इतक्या जोरात ओरडलो की दोन्ही काका गॅलरीत आले.

फ्यूज आतल्या दिव्यांचा होता. पण आतला एकही दिवा जळत नव्हता. मग मुलाला युक्ती सुचली. त्याने माझा फोन व्हिडिओ सुरू करून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवला आणि झाकण बंद केलं. दहा सेकंदांनी काढून बघितला. अंधार दिसायला हवा होता. दिसलं काय, तर भरपूर उजेडात पहुडलेला माझा संसार: पावत्या, एका चष्म्याची अर्धी काडी, बायको महिनाभर शोधत असलेला कंगवा.

पाच वॅटचा दिवा, म्हणजे साधारण 0.4 अँपिअर. दिवसाला दहा एएच. 35 च्या बॅटरीने शुक्रवार ते सोमवार काढला, हेच कौतुक. झाकण लागलेलं दिसायचं, पण आत एक जाडजूड पुस्तक कोपऱ्यावर उभं ठासलेलं होतं. त्यामुळे झाकणाला तांदळाएवढी फट राहायची आणि दिवा बंद करणारं बटण दाबलंच जायचं नाही. पुस्तक तिथे मीच कोंबलं होतं, गेल्या महिन्यात, गाडी नीटनेटकी ठेवायची म्हणून.

ते गाडीचं माहितीपुस्तक होतं. न फोडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. बॅटरीवर त्यात आठ पानं आहेत, आणि प्लस कुठे असतो त्याचं सुबक चित्रही.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन विचारलं, जुनी बॅटरी परत मिळेल का, तिची काही चूक नव्हती. दुकानदार जरा घुटमळला. मग दारात उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीच्या बोनेटवर त्याने हलकेच थाप मारली.

“चार्ज करून बघितली,” तो म्हणाला. “एका सेल्फला उठते.”